दीड मिलिमीटरचं भांडण

गेल्या शनिवारी बोरिवलीला एका मित्राकडे गेलो होतो. त्याने हॉलमध्ये दिवाणाएवढं प्लायवूड टाकून त्यावर एन स्केलची रेल्वे मांडली आहे. दोन मार्ग, एक फलाट, फलाटावर खास माझ्या मानासाठी 'वसई रोड' अशी पिवळी पाटी. चहा आला, त्याने नॉब फिरवला आणि कोपऱ्यातून पिवळी-चॉकलेटी लोकल डौलात बाहेर आली. जपानी उपनगरी गाडीचे डबे, त्यांवर त्याने स्वतः केलेला रंग. रंग खरोखर झकास होता.

"कशी वाटली?"

"रंग एक नंबर. पण ही वसईला थांबणारी गाडी नाही रे."

मग जे भांडण झालं त्यात चहा गार झाला, त्याची बायको दोनदा डोकावून गेली आणि माझी परतीची स्लो गाडी चुकली. त्याचा सगळा युक्तिवाद एका वाक्यात मावत होता: "अरे, एकास एकशे साठ! एवढ्या बारक्या गाडीत कोणाला दिसणार आहे?"

आजचा हा लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे.

आधी ज्यांना या खुळाची लागण झालेली नाही त्यांच्यासाठी थोडा विदा. (झालेल्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.)

मॉडेल रेल्वेत दोन गोष्टी वेगळ्या असतात: स्केल आणि गेज. स्केल म्हणजे खऱ्या गाडीच्या किती पट लहान. गेज म्हणजे दोन रुळांमधलं आतलं अंतर. जगात सगळ्यात जास्त चालतं ते एचओ, १:८७, रूळ १६.५ मिमी. त्याहून लहान एन, १:१६०, रूळ ९ मिमी. ते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या आर्नोल्ड कंपनीने रुळावर आणलं. १९७२ साली मेर्क्लिनने झेड काढलं, १:२२०, रूळ साडेसहा मिमी. आणि २००६ साली जपानमध्ये टी गेज दाखवलं गेलं: १:४५०, रूळ फक्त ३ मिमी. त्यातला माणूस पावणेचार मिलिमीटरचा, म्हणजे साबुदाण्याच्या दाण्याशी उंची मोजावी असा.

आता आपल्यासारख्यांचा प्रश्न. बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटरहून थोडी लांब असते. एचओमध्ये ती जवळजवळ तीन मीटर होते. वसईतल्या वन बीएचकेत हॉलच्या एका भिंतीपासून निघून समोरच्या भिंतीला टेकेल, फलाटाला जागाच नाही. एनमध्ये तीच गाडी सुमारे १.६ मीटर, झेडमध्ये सव्वा मीटरच्या आत, टीमध्ये ५७ सेंटीमीटर. तेव्हा आपण बारक्या स्केलकडे वळतो ते चोखंदळपणाने नव्हे, प्रति चौरस फुटाच्या दराने. इथवर माझं आणि मित्राचं एकमत आहे.

भांडण पुढे आहे. एनचे ९ मिमी गुणिले १६० म्हणजे १४४० मिमी. हा युरोप-अमेरिकेचा स्टँडर्ड गेज, १४३५ मिमी, जवळजवळ अचूक. आपला ब्रॉड गेज आहे १६७६ मिमी. भागिले १६०, म्हणजे साधारण साडेदहा. फरक दीड मिलिमीटर. झेडमध्ये तोच फरक १.१ मिमी.

"बघ! दीड मिलिमीटर!" मित्र म्हणाला. "तू दीड मिलिमीटरसाठी भांडतोयस!"

हो. भांडतोय. कारण तो दीड मिलिमीटर रुळात थांबत नाही, वर डब्यात चढतो.

साडेपाच फुटांचा हा गेज आपल्याकडे योगायोगाने आलेला नाही. १८५० च्या आसपास त्यावर बराच खल झाला, डलहौसीला तर सहा फूट हवं होतं, शेवटी साडेपाचावर तोडगा निघाला. १८६७ च्या १२ एप्रिलला विरार ते बॅकबे अशी रोज एक गाडी सुरू झाली ती याच रुंदीवर. त्या रुंदीमुळेच पुढे रुंद डबे वापरता आले. मुंबईच्या लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद असतो, म्हणजे पुरे बारा फूट. आपल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचे डबेसुद्धा सव्वातीन मीटरच्या आसपास असतात, लोकल त्यांच्याहून रुंद. जपानची उपनगरी गाडी लांबीला आपल्याएवढीच, वीस मीटर, पण रुंदीला २.८ ते २.९५ मीटर. म्हणूनच तर ती रंगवायचा मोह होतो: बाजूने फोटो काढला की लांबी जुळते, दारं जुळतात, सगळं जुळल्यासारखं वाटतं.

एन स्केलमध्ये आपला डबा २२.९ मिमी रुंद हवा. बाजारातला जपानी डबा १९ ते २० मिमी भरतो. तीन-साडेतीन मिमी कमी. गुणिले १६० करा: अर्धा मीटर. म्हणजे दीड-पावणेदोन फूट.

लोकलने जाणाऱ्या माणसाला दीड-पावणेदोन फूट म्हणजे काय ते सांगायला नको. ती चौथी सीट आहे.

आता एक कबुली. हेच पाप मीही केलंय. काही वर्षांपूर्वी मीही एक जपानी डबा आणला, घासला, पिवळा-चॉकलेटी केला, खिडक्यांना गज काढले आणि मोठ्या ऐटीत बाबांना दाखवला. बाबांनी एकतीस वर्षं वसई-चर्चगेट केलं. त्यांना स्केल, गेज, एन, झेड, कशातलं काही माहीत नाही. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, डबा डोळ्यांजवळ नेला, समोरून बघितला, मागून बघितला. म्हणाले, "छान केलंयस. पण ही आपली नाही वाटत."

"का? काय चुकलंय?"

"ते नाही सांगता यायचं मला." मग जरा वेळाने: "यात चौथा कुठे बसणार?"

मी तो डबा मोजला तो त्यानंतर. आधी नाही. इंजिनियर मी, कॅलिपर माझ्याकडे, आणि फरक पकडला चष्मा कपाळावर असलेल्या माणसाने, नुसत्या सवयीने. तेव्हा "कोणाला दिसणार आहे?" या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर आहे. ज्याने त्या गाडीत आयुष्य काढलंय त्याला दिसणार आहे. त्याला कारण सांगता येणार नाही, एवढंच.

ऑफिसात हे वाक्य रोज ऐकतो. लॉगमध्ये वेळ चुकीची पडते, कोणाला दिसणार आहे. आकडा दुसऱ्या दशांशाला चुकतो, कोणाला दिसणार आहे. ज्यांना कारण सांगता येत नाही त्यांनाही "काहीतरी गडबड आहे" हे कळतं आणि ते मुकाट्याने आपलं सॉफ्टवेअर वापरणं सोडतात. तक्रार येत नाही याचा अर्थ चूक दिसली नाही असा लावणं हा आमच्या धंद्यातला जुना आजार. असो.

आता दुसरी बाजू. कारण माझ्यावर "खिळेमोज्या" असल्याचा आरोप होतोच, आणि त्यात तथ्य नाही असं नाही.

बारक्या स्केलमध्ये सगळं खरं करता येत नाही. येणारच नाही. वजनाचं बघा. वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटतं. १२३ टनांचं डब्ल्यूएपी-७ इंजिन एनमध्ये ३० ग्रॅमचं व्हायला हवं, झेडमध्ये साडेअकरा, आणि टीमध्ये जेमतेम सव्वा-दीड ग्रॅम. दीड ग्रॅमचं इंजिन रुळाला धरणार कसं? म्हणून टी गेजवाल्यांनी चाकं चुंबकीय केली. धूळ स्केलप्रमाणे लहान होत नाही, म्हणून चाकांच्या कडा जाड ठेवाव्या लागतात. वळणाचंही तसंच. आपल्या ब्रॉड गेजवर दहा अंशांचं तीव्र वळण सुमारे १७५ मीटर त्रिज्येचं असतं. एनमध्ये ते १.१ मीटर, म्हणजे नुसतं अर्धवर्तुळ काढायला सव्वादोन मीटर जागा. विकतचे ट्रॅक पंचवीस सेंटीमीटर त्रिज्येचे मिळतात, प्रत्यक्षात चाळीस मीटर. खरी लोकल त्यावर रुळावरून उतरेल.

या तडजोडी मला मान्य आहेत. माझ्या स्वतःच्या फळीवर वळणं खोटीच आहेत. भिंत तिथे आहे आणि भिंतीपलीकडे शेजारचे काका राहतात. :-)

पण नाइलाज आणि आळस यांत फरक आहे, आणि माझं सगळं भांडण त्या फरकावर आहे. वळण लहान केलं तो नाइलाज. चाकाची कड जाड ठेवली तो नाइलाज. डबा अरुंद ठेवला कारण कॅटलॉगात तसाच मिळाला, तो नाइलाज नव्हे. पहिल्या प्रकारात भौतिकशास्त्र अडवतं, दुसऱ्यात फक्त दुकान. आणि आपण दुसऱ्याला पहिल्याचे कपडे घालून मिरवतो.

आणखी एक उदाहरण देतो. एन स्केलच्या नेहमीच्या ट्रॅकमध्ये रूळ दोन मिलिमीटर उंच असतो. गुणिले १६०: ३२५ मिमी, फुटाहून जास्त. आपल्याकडचा ६० किलोचा रूळ १७२ मिमी उंच. म्हणजे मॉडेलमधला रूळ जवळजवळ दुप्पट. स्लीपरचं अंतर आपल्याकडे साधारण ६० सेंटीमीटर, एनमध्ये पावणेचार मिलिमीटर. लांबी २.७५ मीटर, एनमध्ये १७ मिमीच्या थोडी वर. हे आकडे जुळवले, गाडीला हातही न लावता, की रिकामा ट्रॅकसुद्धा आपल्या देशातला वाटायला लागतो. करून बघा. खोटं वाटलं तर माझ्याकडे वसईला या, चहा माझ्याकडून.

आणि काही ठिकाणी बारकावा सोडून देणं हाच बारकावा असतो. ओव्हरहेडची विजेची तार १२ मिमीच्या आसपास जाड असते. एनमध्ये ती ०.०८ मिमीच्या आत येते, केसाएवढी. फूटभर अंतरावरून चांगल्या डोळ्याला साधारण एवढंच दिसतं, त्याखाली नाही. तिथे लोक जाडजूड तार लावतात, प्रत्यक्षात मनगटाएवढी होईल अशी, "डीटेल आहे" हे दाखवायला. माझं म्हणणं: खांब नीट उभे करा, तार लावूच नका. डोळा ती स्वतः ओढून घेतो. जे खऱ्यात नजरेला जाणवतं ते मापात ठेवा, जे जाणवत नाही ते खुशाल गाळा. खिळे मोजणारा मी नाही. मी रुंदी मोजणारा आहे.

"पण भारतीय माल मिळतच नाही, मग काय करायचं?" हा पुढचा मुद्दा. रास्त आहे. एनमध्ये आपल्या गेजचा तयार ट्रॅक दुकानात मागितला तर दुकानदार आपल्याकडे दयेने बघतो. पण हे रडगाणं आपलं एकट्याचं नाही. इंग्लंडमध्ये काय झालं बघा. तिथली इंजिनं लहान, त्यात त्या काळच्या मोटरी मावेनात, म्हणून त्यांनी गाडी १:७६ ची केली आणि रूळ मात्र एचओचेच, साडेसोळा मिमीचे ठेवले. हिशोबाने त्यांचा चार फूट साडेआठ इंची गेज चार फूट दीड इंचाचा झाला. बहुतेकांनी ते चालवून घेतलं, आजही घेतात. पण काही हट्टी लोकांनी १८ मिमीचा रूळ हाताने बसवला, त्याहून हट्टी लोकांनी १८.८३ चा. दोन मिलिमीटरला एक फूट या बारक्या स्केलचं मंडळ तिथे १९६० पासून आहे, आणि त्यांचा रूळ ९.४२ मिमी. नऊ नव्हे, ९.४२! आपण दीड मिलिमीटरला हसतोय, ते बेचाळीस शतांशासाठी साठ वर्षांहून जास्त काळ चाकं बदलतायत. जपान्यांची गंमत उलटी. त्यांचा मूळ गेज १०६७ मिमी, १:१५० ला तो ७.१ मिमी यायला हवा, पण गाड्या धावतात ९ मिमीवर. म्हणजे आपण जी गाडी "अचूक जपानी" म्हणून आणतो तिचे रूळ तिच्या स्वतःच्या देशातही खोटेच आहेत!

मग करायचं काय? तांब्याचा पत्रा चढवलेल्या सर्किट बोर्डच्या पट्ट्या कापून स्लीपर करायचे, मध्ये तांबं खरवडून दोन रुळांचा विद्युतसंबंध तोडायचा, आणि साडेदहा मिमीचा ठोकळा मध्ये धरून रूळ डाखायचे. सामान लॅमिंग्टन रोडला मिळतं. चाकांचा आस थोडा लांब करायचा. डब्याचं अंग रेझिनवर छापायचं, हल्लीच्या छपाईत थर ०.०५ मिमीचा येतो, प्रत्यक्षातला ८ मिमी. रविवारी दुपारी एक फूट ट्रॅक होतो. हळू आहे, मान दुखते, आणि वसईच्या खाऱ्या हवेत रूळ पुसायला लागतो तो वेगळाच. पण अशक्य नाही.

ज्यांना वाटतं की हे सगळं परदेशी लाड आहेत त्यांनी एकदा पुण्याला कोथरूडमध्ये जी. ए. कुलकर्णी पथावरचं जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय बघून यावं. भाऊ जोशींनी वर्षानुवर्षं खपून उभं केलं, १९९८ पासून लोक बघतायत. ते एचओमध्ये आहे, एक अख्खं छोटं शहर आहे, सिग्नल आणि दिवे लागतात. मी लहान मुलांच्या रांगेत उभा राहून दोनदा पाहिलंय. एका मराठी माणसाच्या हौसेतून काय उभं राहू शकतं त्याचा तो पुरावा आहे. पण म्हणूनच मला वाटतं, की पहिल्या पिढीने "हे इथे होऊ शकतं" हे सिद्ध केलंय तर दुसऱ्या पिढीने "हे इथलं होऊ शकतं" हे करायला हवं. तेवढ्यावरच थांबायचं असेल तर त्यांच्या कष्टांचा आपण उपयोग काय केला?

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्यासाठी खरा.

ती पिवळी-चॉकलेटी गाडी आता नाही. १९२५ मध्ये मुंबईत विजेची पहिली गाडी धावली, आपल्याकडे विरारपर्यंत वीज १९३६ ला आली, सगळी १५०० व्होल्ट डीसीवर. पश्चिम रेल्वेने ती २०१२ पर्यंत बदलून एसी केली, २०१६ मध्ये हार्बरवरूनही डीसी संपली. २००७ पासून जांभळ्या-पांढऱ्या गाड्या आल्या, २००९ मध्ये पंधरा डबे आले, २०१७ च्या नाताळात वातानुकूलित लोकल आली, बंद दाराची. आणि ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं पडून गेल्यावर सगळ्याच नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं बसवायचं रेल्वेने जाहीर केलं. बसवावीतच. उघड्या दाराचं कौतुक करणारे बहुधा खिडकीत बसून कौतुक करतात.

पण दार बंद होईल त्याबरोबर एक अख्खी राहणी संपेल. दारातला मधला दांडा, खिडकीबाहेर टांगलेले दूधवाल्यांचे कॅन, भाजीच्या पाट्या घेऊन मालडब्यात चढणाऱ्या वसईच्या बाया, टाळ घेऊन भजन करणारा डबा, भाईंदरची खाडी आली की पाणजू बेटाकडे नकळत वळणाऱ्या माना. यातलं काहीही मोठ्या स्केलमध्ये माझ्या घरात मावत नाही. एनमध्ये मावतं. तिथे माणूस दहा मिलिमीटरचा असतो, त्याला नाक-डोळे काढायची गरज नाही. पण ती माणसं एकमेकांना किती खेटून उभी आहेत ते बरोबर हवं. आणि ते बरोबर यायचं तर डबा २२.९ मिमीचाच हवा. अरुंद डब्यात तीच माणसं भरली तर ती वेगळी गर्दी होते, दुसऱ्या कुठल्या तरी शहराची.

आपल्या घरात जुन्या गाडीचं एकही माप नाही. फोटो शेकडो आहेत, सगळे चेहऱ्यांचे. बाबांना विचारलं, बाकड्याची उंची किती असायची, तर त्यांनी हात गुडघ्याजवळ धरला आणि म्हणाले, "एवढी." मी टेप लावली: ४३ सेंटीमीटर. खरं माप कदाचित वेगळं असेल. पण एकतीस वर्षं त्यावर टेकलेल्या माणसाचा तो हात होता, मी तोच आकडा धरला. १६० ने भागून २.७ मिमी.

नवा डबा मागच्या महिन्यात झाला. साडेदहाच्या रुळावर, २२.९ रुंद. रंगात एक ओघळ आलाय, खिडकीचे दोन गज वाकडे आहेत, मित्राच्या डब्याशेजारी ठेवला तर त्याचाच देखणा दिसेल. बाबांनी तो हातात घेतला, समोरून बघितला आणि काही बोलले नाहीत. मग बोटाने बाकड्याच्या कडेला, जिथे आत कोणी बसवलेलंच नाही तिथे, हलकेच टेकवून म्हणाले, "इथे. पहिली दहा वर्षं मी इथे बसायचो."

तेव्हा मित्रा, तुझा रंग माझ्यापेक्षा चांगला आहे हे लेखी देतो. पण दीड मिलिमीटरवर मी मागे हटणार नाही. पुढच्या शनिवारी ठोकळा आणि डाखण घेऊन येतोय, पहिला फूटभर ट्रॅक मी घालून देईन. चहा मात्र या वेळी गरम पिऊ.